कांदोम्बले, उम्बांदा आणि ब्राझीलचे ओरिशा

किनाराकर

ब्राझीलच्या कार्निव्हलच्या धाग्यावर कांदोम्बलेला, म्हणजे इथल्या आफ्रिकी मुळाच्या धर्माला, कुणीतरी 'तिकडची काळी जादू' असं लिहून गेलं आणि खाली तिघाचौघांनी तीच री ओढली. तिथे उत्तर देत बसले असते तर मूळ विषय भरकटला असता, म्हणून वेगळा धागा काढतेय. मी नोकरीनिमित्त ब्राझीलच्या बाइया राज्यातल्या साल्वादोर शहरात राहते. दीक्षा घेतलेली नाही, अभ्यासकही नाही. पण शेजारी आणि कामावरच्या मैत्रिणी यांच्यामुळे कांदोम्बलेच्या घरांत, म्हणजे मंदिरांत, जाणं-येणं असतं, आणि या माणसांच्या देवांबद्दल असं काहीबाही लिहिलेलं मला सहन होत नाही.

थोडा इतिहास सांगावाच लागेल. गुलामांच्या व्यापारात सुमारे ४८ लाख आफ्रिकी माणसं ब्राझीलच्या किनाऱ्यावर उतरवली गेली. अमेरिका खंडातल्या दुसऱ्या कुठल्याही देशात इतकी नेली नाहीत. कायद्याने गुलामगिरी संपली ती १८८८ साली, त्या खंडात सर्वांत शेवटी. अंगोला-काँगोकडचे बांटू लोक आधीपासून आणले जात होते, मग डाहोमीकडचे (आजचं बेनिन) फोन लोक आले. एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात आजच्या नायजेरियातलं योरुबांचं ओयो साम्राज्य कोसळलं, लढाया पेटल्या आणि योरुबा माणसं जहाजं भरभरून साल्वादोरला आली. त्यांत शेतकरी होते तसे पुजारी होते, वादक होते, राजघराण्यांतले लोकही होते. म्हणून कांदोम्बलेमध्ये आजही 'केतू' (योरुबा), 'जेजे' (फोन) आणि 'अंगोला' (बांटू) अशी तीन मोठी 'राष्ट्रं' मानतात. केतू घरांची दैवतं ओरिशा, जेजेंची व्होदुन आणि अंगोलावाल्यांची इंकिसी. मला माहीत आहे ते केतूबद्दल, तेवढंच लिहिते.

आफ्रिकेत बहुतेक ओरिशा आपापल्या गावचे, आपापल्या नदीचे. शांगो ओयोचा, ओशुन ओशोग्बोजवळच्या नदीची. साल्वादोरमध्ये मात्र सगळे एकाच छपराखाली आले. कारण ज्यांनी हे छप्पर उभारलं त्यांची आई एका मळ्यावर, भाऊ दुसऱ्या मळ्यावर आणि मूल तिसऱ्याच गावी विकलेलं होतं. रक्ताचं कुटुंब उरलं नव्हतं, तेव्हा त्यांनी देवाच्या नात्याने नवं कुटुंब उभं केलं. माझ्या मते कांदोम्बलेचा गाभा हाच आहे. अंगात येणं, ढोल, कोंबडा-बकरा हे बाहेरून दिसतं. आत एक घर असतं. त्याला 'तेरेइरो' म्हणतात. घराची प्रमुख 'माय-दे-सांतो', पुरुष असेल तर 'पाय-दे-सांतो'. बाकीचे तिची मुलं-मुली आणि एकमेकांची भावंडं. एकत्र दीक्षा घेतलेल्यांच्या गटाला आजही 'बार्को', म्हणजे जहाज, म्हणतात.

इथलं सर्वांत जुनं मानलं जाणारं घर कासा ब्रांका. एकोणिसाव्या शतकात आफ्रिकी बायकांनी उभं केलेलं. त्यातून पुढे दोन मोठी घरं फुटून निघाली: गांतुआ, आणि १९१० साली माय आनिन्याने स्थापलेलं ओपो आफोंजा. गांतुआच्या माय मेनिनिन्या (१८९४-१९८६) देशभर इतक्या पूज्य होत्या की कलावंत आणि पुढारी त्यांच्या पाया पडायला येत. कासा ब्रांकाला १९८४ साली राष्ट्रीय वारशाचा दर्जा मिळाला. असा दर्जा मिळालेलं हे पहिलं तेरेइरो. तोवर ब्राझीलमध्ये वारसा म्हणजे सोन्याने मढवलेली चर्च आणि वसाहतकाळातले वाडे, त्यामुळे वारसा ठरवणाऱ्या समितीतही एकमत नव्हतं.

आता ओरिशा. एशू चौकांचा आणि निरोपांचा मालक. त्याला पहिला नैवेद्य दिल्याशिवाय काहीच सुरू होत नाही. मिशनऱ्यांनी त्यालाच सैतान ठरवलं आणि तो डाग अजून पुसलेला नाही. ओगुन लोखंडाचा आणि युद्धाचा. ओशोसी शिकारी. शांगो विजेचा आणि न्यायाचा, हातात दुधारी परशू, आवडता नैवेद्य भेंडीचा आमाला. यान्सां वाऱ्या-वादळाची, मेलेल्यांना वाट दाखवणारी. ओशुन गोड्या पाण्याची, येमांजा समुद्राची, नानां चिखलाची आणि सगळ्यांत म्हातारी. ओसाइन पानांचा. तो नसेल तर बाकी कुणाचंच चालत नाही, कारण प्रत्येक विधीला पानं लागतात. ओशाला सर्वांत थोरला, पांढऱ्या कपड्यांतला. शुक्रवार त्याचा, म्हणून साल्वादोरमध्ये शुक्रवारी बँकेत, बसमध्ये, भाजीबाजारात पांढरे कपडे दिसतात, आणि ते घालणारे सगळेच काही कांदोम्बलेचे नसतात.

माझ्या जिवाजवळचा ओमोलू. देवीच्या रोगाचा आणि सगळ्या साथींचा स्वामी. रोग देणारा आणि बरा करणाराही तोच. त्याचं अंग फोडांनी भरलेलं, म्हणून तो डोक्यापासून पायापर्यंत वाळक्या तंतूंच्या झुलीखाली झाकलेला असतो. ऑगस्टमध्ये त्याचं जेवण असतं, 'ओलुबाजे'. गेल्या खेपेला मी अंगणात जमिनीवर बसले होते. घरच्या बाया डोक्यावर मोठाली मातीची भांडी घेऊन रांगेने आल्या. प्रत्येकाच्या हातात एरंडाचं पान दिलं आणि त्यावर प्रत्येक भांड्यातलं थोडं थोडं वाढलं: चवळी, मका, पालेभाजी, मांस, आणि वर मक्याच्या लाह्या. हातानेच खायचं. पान गरम अन्नाने मऊ पडतं, बोटांना लाल पामतेल लागतं. जेवून झालं की ते पान अंगावरून उतरवून टाकायचं. त्या रांगेत शेजारी आजारी माणसं होती, लहान मुलं होती, एक पोलिसही होता. सर्वांना तेच अन्न, तशाच पानावर.

प्रश्न असतील तर विचारा. माहीत असेल तेवढं सांगेन.

वाटसरू

छान लिहिलंय, वाचतोय. एक शंका. आपल्याकडे जत्रेत, आरतीच्या वेळी अंगात येतं, ते आणि हे एकच का? आणि ओरिशा म्हणजे देव की मेलेल्यांचे आत्मे? नेटवर दोन्ही वाचलं, गोंधळ उडाला.

किनाराकर

@वाटसरू, गोंधळ होणं साहजिक आहे, कारण कांदोम्बले आणि उम्बांदा हे दोन वेगळे धर्म नेटवर एकत्र कालवले जातात.

कांदोम्बलेचा ओरिशा म्हणजे मेलेल्या माणसाचा आत्मा नव्हे. तो वारा, नदी, लोखंड, ताप यांची मूळ शक्ती. काहींच्या कथा प्राचीन राजा-राण्यांशी जोडलेल्या आहेत. मेलेल्यांचे आत्मे वेगळे, त्यांना 'एगुन' म्हणतात, आणि त्यांना ओरिशांच्या कामात मिसळू देत नाहीत. प्रत्येक माणसाच्या डोक्यावर कुठल्यातरी ओरिशाची मालकी असते. ती माय-दे-सांतो सोळा कवड्या टाकून पाहते.

अंगात येण्याबद्दल सांगायचं तर दिसायला साम्य आहे, पण कांदोम्बलेत ते सुटं नसतं. पहिल्यांदा कधी ते अचानक येतंही, आणि तो दीक्षेचा निरोप मानतात. त्यानंतर मात्र शिस्त. दीक्षार्थी, म्हणजे 'इयावो', काही आठवडे एका खोलीत बंद राहते. डोकं भादरतात, अंगावर पांढरे ठिपके रंगवतात, पानांच्या पाण्याने आंघोळ घालतात, गाणी, नाच आणि प्रार्थना शिकवतात. शेवटी तिला लोकांसमोर आणतात, कपाळावर पोपटाचं लाल पीस बांधलेलं असतं, आणि तिच्या अंगातला ओरिशा आपलं नाव मोठ्याने ओरडून सांगतो. त्या क्षणी अख्ख्या घराचा श्वास अडकलेला असतो. पुढे एक, तीन आणि सात वर्षांनी विधी. सात वर्षं झाली की ती घरातली वडीलधारी होते. तोवर चटईवर खाली बसायचं आणि मोठ्यांपुढे वाकायचं, मग बाहेर ती डॉक्टर असो की न्यायाधीश.

आणि सगळ्यांच्याच अंगात येत नाही. ज्या बायकांच्या येत नाही त्यांतल्या काहींना 'एकेजी' म्हणून निवडतात. ओरिशा आला की त्याच्या मागे त्या उभ्या. घाम टिपायचा, सुटलेलं वस्त्र पुन्हा बांधायचं, तोल गेला तर सावरायचं. एकेजींना त्या घरात फार मान असतो आणि तो योग्यच आहे. नाचणाऱ्याला काहीही आठवत नाही. ती रात्र लक्षात ठेवणाऱ्या या बायका असतात. ढोल तीन: रुं, रुंपी आणि ले. सर्वांत मोठा रुं, आणि ओरिशाचे पाय चालतात ते त्याच्या बोलावर.

मृदगंध

उम्बांदाबद्दल मी लिहू शकते. साओ पावलोत आमच्याच गल्लीत एक केंद्र आहे, आणि तिथे मी खूपदा जाऊन बसले आहे.

परंपरा अशी सांगते की १५ नोव्हेंबर १९०८ रोजी रिओजवळच्या नितेरोई गावात झेलियो दे मोराइस नावाच्या सतरा वर्षांच्या मुलाच्या अंगात एका मूलनिवासीचा आत्मा आला. आपलं नाव त्याने 'सात चौकांचा काबोक्लू' असं सांगितलं. तिथे प्लँचेटसारख्या बैठका घेणारे कार्देकपंथी, म्हणजे फ्रेंच आत्मावादी आलाँ कार्देकचे अनुयायी, जमले होते. त्यांच्या मते काळ्या गुलामांचे आणि आदिवासींचे आत्मे मागासलेले, त्यांनी बैठकीत येऊ नये. त्यावर तो म्हणाला, मग उद्यापासून मी असा पंथ सुरू करतो जिथे हे सर्व बोलतील. इतिहासकार दाखवून देतात की असे आत्मे त्याआधीही ठिकठिकाणी येत होते, त्यामुळे एकाच माणसाला संस्थापक मानणं कितपत बरोबर यावर वाद आहे. तरी १५ नोव्हेंबर हा कायद्याने राष्ट्रीय उम्बांदा दिन आहे, २०१२ पासून.

म्हणजे उम्बांदात ओरिशांना मान आहे, पण समोर येऊन बसतात ती पूर्वी जगून गेलेली माणसं. काबोक्लू (मूलनिवासी), लहान मुलं, खलाशी, रस्त्यावरचे एशू आणि त्यांच्या जोडीच्या स्त्रिया पोंबाजिरा. (हे एशू आणि कांदोम्बलेचा एशू ओरिशा वेगळे, इथेही फार घोळ होतो.) आणि 'प्रेतो वेल्यो', म्हणजे गुलामगिरीत म्हातारे होऊन मेलेले आजी-आजोबा. त्यांच्याबद्दल लिहिल्याशिवाय मला राहवत नाही. तरणीताठी बाई, दिवसभर दवाखान्यात नर्सचं काम करून आलेली, आजी अंगात आली की कंबरेत वाकते. बुटक्या लाकडी स्टुलावर बसते. पाइप, काळ्या कॉफीचा कप, पांढरी मेणबत्ती, सताप्याची डहाळी. समोर माणूस बसला की 'लेकरा' म्हणून हाक मारते आणि ऐकून घेते. नोकरी गेलेली, मुलगा तुरुंगात, झोप लागत नाही, काहीही. घाई नाही. मग डहाळी डोक्यावरून, खांद्यांवरून फिरवते आणि दोन साधी वाक्यं बोलते. पैसे घेत नाहीत, निदान मी पाहिलेल्या केंद्रात तरी कधीच नाही.

ज्या देशाने या माणसांना जनावरासारखं विकलं, त्याच देशातले गोरे, सावळे, काळे लोक आज त्यांच्यासमोर खाली बसून सल्ला मागतात. त्यांचा दिवस १३ मे, गुलामगिरी रद्द झाली ती तारीख. आमच्या केंद्रात त्या दिवशी फेजोआदाचं, म्हणजे काळ्या घेवड्याच्या आणि मांसाच्या रश्श्याचं, मोठं पातेलं चढतं.

नांदेडकर

माहिती उत्तम, पण मला एक गोष्ट खटकते. मी आयुष्यभर अंधश्रद्धेविरुद्ध काम केलंय. महाराष्ट्रात २०१३ साली जादूटोणाविरोधी कायदा झाला, त्यासाठी माणसांनी जीव दिलाय. अंगात येणं, पशुबळी, कवड्या टाकून भविष्य पाहणं हे परक्या देशात असलं की संस्कृती आणि आपल्याकडे असलं की भोंदूगिरी, असं कसं चालेल? कृपया रागावू नका, प्रामाणिक प्रश्न आहे.

किनाराकर

@नांदेडकर, रागावण्याचं काहीच कारण नाही, प्रश्न रास्तच आहे. लुबाडणूक इथेही होते. 'सात दिवसांत प्रियकर परत आणून देतो' अशा जाहिराती इथल्या विजेच्या खांबांवर चिकटवलेल्या असतात. जुन्या घरांतल्या माय-दे-सांतो अशांवर आपल्याइतक्याच चिडतात.

पण एक फरक लक्षात घ्या. ब्राझीलमध्ये भोंदूगिरीचा कायदा या लोकांवर उगारला गेला तो त्यांना वाचवायला नव्हता. गुलामगिरी संपल्यावर दोनच वर्षांत, १८९० च्या दंडसंहितेत 'जादू' आणि 'आत्मे बोलावणं' गुन्हा ठरवला. नंतर कित्येक दशकं पोलीस तेरेइरोंवर धाडी घालत, ढोल फोडत, मूर्ती आणि माळा जप्त करत. रिओत त्या वस्तू पोलीस संग्रहालयात गेल्या आणि १९३८ साली 'काळ्या जादूचं संग्रहालय' अशा नावाने सरकारदरबारी नोंदल्या गेल्या. भक्तांनी मागणी लावून धरली तेव्हा कुठे २०२० साली त्या प्रजासत्ताक संग्रहालयात हलवल्या. आता त्या संग्रहाचं नाव 'आमचं पवित्र' असं आहे. इकडे बाइयात तर १९७६ पर्यंत सणाला ढोल वाजवायचा तरी पोलिसांची परवानगी लागायची. चर्चच्या घंटेला कधी लागली नाही.

पशुबळीबद्दल: रक्त ओरिशाचं आणि मांस घराचं. ते शिजवून आलेल्या सगळ्यांना वाढतात. २८ मार्च २०१९ रोजी सर्वोच्च न्यायालयाने एकमताने ते घटनेला धरून असल्याचा निकाल दिला. ज्यांना मुळात मांसाहारच मान्य नाही त्यांचा आक्षेप मी समजू शकते. पण कत्तलखान्याबद्दल चकार शब्द न काढता फक्त काळ्या माणसाच्या अंगणातल्या कोंबड्यावर बोलणाऱ्यांचा मी समजू शकत नाही.

आणि हे जुनं झालेलं नाही. १९९९ साली एका चर्चच्या वर्तमानपत्राने साल्वादोरच्या माय जिल्दा यांचा फोटो 'भोंदू' अशा मथळ्याखाली छापला. त्यांच्या घरावर हल्ला झाला, प्रकृती ढासळली आणि २१ जानेवारी २००० रोजी त्या गेल्या. २००७ पासून ती तारीख धार्मिक असहिष्णुतेविरुद्धचा राष्ट्रीय दिवस म्हणून पाळतात. तरी रिओच्या वस्त्यांत आजही बंदूकधारी टोळ्या तेरेइरो फोडून माय-दे-सांतोंना हाकलून देतात.

नांदेडकर

पोलीस संग्रहालयाची गोष्ट माहीत नव्हती. धन्यवाद. कवड्यांबद्दलचं माझं मत बदललेलं नाही, पण कायदा कुणाच्या हातात आहे यावर बरंच अवलंबून असतं, हे मान्य.

आजोळ

मी मडगावची. कवड्यांचा विषय निघालाय म्हणून लिहिते. त्या कवड्या आपल्याच समुद्रातल्या. मालदीवमधून हिंदुस्थानच्या बंदरांमार्गे युरोपी व्यापाऱ्यांनी त्या पश्चिम आफ्रिकेत पोत्यांनी नेल्या. तिथे ते चलन होतं आणि त्या चलनात माणसं विकत घेतली गेली. त्याच कवडीने आज माणसाच्या डोक्याचा देव शोधतात, हे वाचून मी बराच वेळ गप्प होते.

गोव्याहून लिस्बनला जाणारी पोर्तुगीज जहाजं साल्वादोरला थांबायची. आंबा, फणस, नारळ असेच पोर्तुगीजांबरोबर तिकडे गेले. तिथल्या देवराईत फणस असतो असं ऐकलंय, खरं का?

किनाराकर

@आजोळ, अगदी खरं. जुन्या तेरेइरोंच्या आवारात मोठाले फणस असतात, बुंध्याला पांढरं कापड गुंडाळलेलं. तो आपाओकाचा वृक्ष, आणि कथेप्रमाणे आपाओका ही ओशोसीची आई. आफ्रिकेतला इरोकोचा वृक्ष इथे मिळेना, तेव्हा त्याची जागा वडाच्या कुळातल्या पांढऱ्या गामेलेराने घेतली. झाडं बदलली, देव राहिले. आणि आणखी एक सांगते, कासा ब्रांका ज्या हमरस्त्यावर आहे त्याचं नाव वास्को द गामा.

सांजवारा

गांधींचा उल्लेख कुणीच केला नाही म्हणून भर घालतो. साल्वादोरच्या कार्निव्हलमध्ये 'फिल्योस दे गांधी', म्हणजे गांधीपुत्र, नावाचा पुरुषांचा मोठा गट निघतो. १९४९ साली गोदी कामगारांनी तो काढला. गांधीजींची हत्या आदल्याच वर्षी झालेली, कामगार संघटनांवर सरकारचा वरवंटा फिरत होता, आणि अहिंसेचं नाव घेतलं तर पोलीस अंगावर येणार नाहीत अशीही आशा होती. चादरी आणि टॉवेल गुंडाळून पांढरे अंगरखे नि फेटे केले. गळ्यात निळ्या-पांढऱ्या माळा, पांढरा ओशालाचा आणि निळा ओगुनचा. निघण्याआधी एशूला नैवेद्य, मग 'इजेशा' तालावर ओरिशांची गाणी. म्हणजे तेरेइरोच रस्त्यावर उतरतो. सत्तरच्या दशकात गट मोडकळीला आला होता, तेव्हा गायक जिल्बेर्तो जिल त्यात सामील झाले आणि त्याला नवा जोर आला.

वाटसरू

येमांजा म्हणजे मेरी आणि यान्सां म्हणजे संत बार्बारा, असं एका माहितीपटात होतं. मालकाला फसवायला संतांच्या मागे ओरिशा लपवले, ही कथा कितपत खरी?

किनाराकर

@वाटसरू, लपवाछपवी झाली, पण तेवढ्यानेच सगळं उलगडत नाही. अनेक माय-दे-सांतो मनापासून चर्चमधल्या मिस्सालाही जायच्या, अजून जातात. जानेवारीतल्या एका गुरुवारी पांढऱ्या पोशाखातल्या बाया फुलांच्या पाण्याने बोंफिम चर्चच्या पायऱ्या धुतात. त्यांच्यासाठी तिथला देव येशूही आहे आणि ओशालाही. दुसरीकडे १९८३ साली ओपो आफोंजाच्या माय स्टेला यांनी, मेनिनिन्यांसह इतर मोठ्या घरांच्या आयांसोबत, जाहीर पत्रक काढलं: संतांची जोड आता सोडा, आमचा धर्म स्वतःच्या पायावर उभा आहे. दोन्ही बाजूंची माणसं मी जवळून पाहते. मला माय स्टेलांचं म्हणणं पटतं, पण पायऱ्या धुणाऱ्या आजीला ते जाऊन सांगायची माझी छाती नाही आणि इच्छाही नाही.

यान्सांवरून आकाराजे आठवलं, कारण ते तिचंच अन्न. चवळी भिजवून, साल काढून वाटायची, कांदा-मीठ घालून लाकडी डावाने हवा भरेपर्यंत फेटायची आणि लाल पामतेलात वडे तळायचे. काही विक्रेत्या आजही पहिले छोटे वडे देवांच्या नावाने बाजूला काढतात. हल्ली काही इव्हँजेलिकल विक्रेते तेच 'येशूचे वडे' म्हणून विकतात. धंदा करू द्या, पण ज्या बायकांनी आकाराजे विकून आपलं स्वातंत्र्य विकत घेतलं त्यांचं नाव तरी पुसू नका.

मृदगंध

+१. एक आकडा देते. २०१० च्या जनगणनेत उम्बांदा-कांदोम्बले सांगणारे ०.३ टक्के होते, २०२२ मध्ये सुमारे १ टक्का. आमच्या केंद्रातल्या कित्येकांनी आयुष्यात पहिल्यांदा खरा धर्म नोंदवला. आधी सगळे 'कॅथलिक' सांगायचे.

आजोळ

पुढच्या वर्षी जायचा विचार आहे. बाहेरच्या माणसाला आत घेतात का?

किनाराकर

@आजोळ, जाहीर सणाला घेतात, तिकीट नसतं. फिकट कपडे घाला, काळे नकोत. बायका आणि पुरुष बहुधा वेगवेगळ्या बाजूंना बसतात, सांगतील तिथे बसा. फोटो काढू नका. ओरिशा जवळून गेला तर उठून उभं राहायचं, आणि खायला दिलं तर नाही म्हणायचं नाही. टूर कंपनीच्या बसमधून जाऊ नका, एखाद्या ओळखीच्या माणसाबरोबर जा. मला निरोप टाकलात तर मी घेऊन जाईन.

२ फेब्रुवारीला रिओ व्हेर्मेल्यो किनाऱ्यावर येमांजाला फुलं वाहतात, तिथे कुणीही जाऊ शकतं. टोपलीत फक्त फुलं ठेवा. प्लास्टिकचे आरसे आणि अत्तराच्या बाटल्या समुद्रात टाकू नका असं आता घरांतले लोकच सांगतात. कार्निव्हल संपल्यावर लगेच याल तर ईस्टरआधीच्या उपासाच्या चाळीस दिवसांत बरीच घरं बंद मिळतील. मोठ्या घरांत वर्षाची सुरुवात ओशोसीच्या सणाने होते, कॉर्पस क्रिस्टी या कॅथलिक सणाच्या गुरुवारी, साधारण मे अखेर किंवा जूनमध्ये. जमलं तर तेव्हाच या.